पॉवर प्रेसवरचा माणूस पिऊन येतोय, एचआरला सांगू की सांभाळून घेऊ?

प्रेसशॉपवाला | १४ ऑगस्ट २०२३, रात्री १:२०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर समजून घ्या. मी चाकणजवळ एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, साधारण सहाशे माणसं, त्यातली निम्मी कॉन्ट्रॅक्टची. माझ्या शिफ्टला एक सेटर (प्रेसवर डाय म्हणजे साचा बसवणारा) आहे, त्याला आपण बाळू म्हणू. दहा-अकरा वर्षं झाली त्याला. डाय लावण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या शॉपमध्ये कोणी नाही, टूलरूमवालेसुद्धा अडलं की त्यालाच बोलावतात. मार्चमध्ये त्याचा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून पडून गेला. गाडी बाळूची होती. भावाने मागितली, ह्याने चावी दिली, एवढंच झालं होतं. पण तेव्हापासून माणूस पार बदललाय.

आधी सोमवारचे खाडे सुरू झाले, मग पगारानंतरचे दोन दिवस, मग नाईटला आला की वास यायला लागला. मी काय केलं, तर झाकलं. खाड्यांना त्याच्या शिल्लक सी-ऑफ (जादा कामाच्या बदली रजा) लावल्या, वास आला की गुपचूप पॅकिंगला बसवायचं आणि सेटिंग दुसऱ्याकडून करून घ्यायचं, आणि दुसरा म्हणजे बऱ्याचदा मीच. पण गेल्या बुधवारी मी स्टोअरला गेलो तेवढ्यात हा लाईट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर) बायपास करून डायखाली हात घालून बसलेला. हात थरथरत होते. मी ओरडलो, बाकीची पोरं बघत राहिली. त्या रात्री घरी जाऊन मला झोप लागली नाही हे खरं सांगतो.

दोन वॉर्निंग लेटर आधीच झालेत, तिसऱ्याला चार्जशीट, म्हणजे कंपनीची चौकशी, असं एचआरचं म्हणणं. आणि गंमत म्हणजे त्याच एचआरने कॅन्टीनमध्ये मेंटल हेल्थचं पोस्टर लावलंय, पिवळी स्माइली आणि खाली 'आमच्याशी बोला'. कोणाशी बोला, कुठे बोला, त्यावर काहीच नाही. पोरांनी स्माइलीला मिशा काढल्यात.

घरी बायको आणि आठवीतली मुलगी आहे. तसं घराकडे अगदीच दुर्लक्ष आहे असंही नाही, परवाच मला विचारत होता की पीएफला आईचं नाव आहे ते बदलून बायकोचं नॉमिनी कसं करायचं, मी म्हटलं सायबरवाल्याकडे जा.

तर प्रश्न असा की एचआरला खरं सांगितलं तर त्याची नोकरी जाते, आणि नाही सांगितलं तर एक दिवस त्याचा नाहीतर दुसऱ्या कुणाचा हात जाईल. कोणी असं काही हाताळलंय का?

---

वीस_वर्षं_ठेकेदारी | १४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे मेंटल हेल्थ वगैरे मोठ्या कंपन्यांचे चोचले आहेत. आमच्याकडे पिऊन आला की गेटवरूनच परत, तीन वेळा झालं की हिशोब. दुःख कुणाला नसतं हो, माझे वडील गेले तेव्हा मी तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साइटवर होतो. तुम्ही त्याला सांभाळताय आणि उद्या हात गेला की फॅक्टरी इन्स्पेक्टर तुमच्याच नावाने शोधत येईल.

---

नऊ_वर्षं_कोरडा | १४ ऑगस्ट, सकाळी ११:३२

ठेकेदार साहेबांचं शेवटचं वाक्य बरोबर आहे, बाकीचं नाही. मी स्वतः त्या बाळूच्या जागेवर होतो म्हणून लिहितो. भोसरीला सीएनसी मशीनवर होतो, आणि माझ्या सुपरवायझरने मला चार वर्षं झाकलं. देवमाणूस होता, पण त्याच्या त्या चांगुलपणामुळे माझी पिण्याची चार वर्षं वाढली. कारण रोज सकाळी मला कळायचं की कालचं निभावलं, म्हणजे आजचंही निभावेल. दारुड्याचं डोकं असंच चालतं भाऊ, त्याला फक्त निभावायचं असतं. तुम्ही सी-ऑफ लावता ना, ती त्याच्या हिशोबात अजून एक क्वार्टर असते.

माझी गाडी थांबली ती नवीन साहेब आल्यावर. त्याने केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि समोर कागद ठेवला ज्यात माझे सात महिन्यांचे खाडे आणि रिजेक्शनचे आकडे तारखेवार लिहिलेले. एक शब्द वाकडा बोलला नाही. म्हणाला, 'हे असं आहे. तू दारू पितोस की नाही यावर मला वाद घालायचा नाही. उपचाराला जातोस तर मशीन तुझं राहील, नाही जात तर मी थांबवू शकणार नाही.' तोपर्यंत मला एकतर शिव्या मिळाल्या होत्या नाहीतर दया. कोणी असा सरळ व्यवहार मांडलाच नव्हता.

मग मी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो, येरवड्याला. १९८६ पासून चालू आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं. महिनाभराहून जास्त राहावं लागलं. बाहेर आल्यावर एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या) मीटिंगा, त्याला पैसे लागत नाहीत, मराठीत चालतात, आडनाव कोणी विचारत नाही. मधे एकदा घसरलो, तेही सांगतो, म्हणजे तुम्ही बाळूकडून पहिल्याच फटक्यात चमत्काराची अपेक्षा ठेवणार नाही.

आता दोन गोष्टी मात्र नीट ऐका. एक, त्याला रागाच्या भरात 'उद्यापासून थेंब घ्यायचा नाही' अशी शपथ घालू नका. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, माणूस दगावू पण शकतो. हात थरथरतायत म्हणताय म्हणजे शरीराला सवय लागलेली असू शकते, डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायला पाहिजे. दुसरी, नाईटला वास आला आणि घरी पाठवायचं ठरलं तर त्याच्या मोटरसायकलची चावी काढून घ्या आणि कोणीतरी सोबत द्या. गेटबाहेर काढला म्हणजे जबाबदारी संपली असं नसतं.

---

चाफा_अंगणातला | १४ ऑगस्ट, दुपारी ३:१५

मी बाळूच्या बायकोच्या बाजूने लिहिते. माझे मिस्टर पण कंपनीत होते, आता नाहीत, त्या विषयात जात नाही. एक विनंती आहे दादा, त्या बाईशी बोला पण तिला दोषी धरल्यासारखं नका बोलू. आमच्याकडे कंपनीतून दोघं आलेले आणि पहिलाच प्रश्न 'वहिनी, तुम्ही लक्ष नाही का देत?' मी काय लक्ष देणार, मी आठ घरची धुणीभांडी करत होते तेव्हा.

आणि एसटी स्टँडवर, रिक्षाच्या मागे जाहिराती असतात ना, पेशंटला न कळवता दारू सोडवा, जेवणात पावडर घाला, ते तिने केलेलं नसेल अशी आशा. मी केलेलं. कालवणातून दिलं आणि रात्री ह्यांचा जीव घाबराघुबरा, तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. दवाखान्यात डॉक्टर मला एवढे ओरडले. नंतर कळलं की दारूबरोबर रिॲक्शन देणारं खरं औषध असतं, पण ते पेशंटला सांगून, तपासण्या करूनच देतात, लपवून दिलं तर जिवावर बेततं. तिला हे एवढं तरी कळवाच.

---

स्टँडिंग_ऑर्डर | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४८

मी नाशिकला कंपन्यांचं लेबर कम्प्लायन्सचं काम करतो, थोडं कोरडं लिहीन.

तुमची एचआर जी पत्रं देतेय ती स्टँडिंग ऑर्डरप्रमाणेच, म्हणजे कंपनीच्या नोकरीच्या नियमांप्रमाणेच, आहेत, दारूच्या नशेत कामावर असणं आणि सततची विनारजा गैरहजेरी ही दोन्ही गैरवर्तनात मोडतात, त्यामुळे तिथे भांडून उपयोग नाही. पण आजारपण कागदावर आलं की चित्र बदलतं, आणि ते कोणी आणतच नाही ही आपली अडचण आहे. बाळूचा पगार २१ हजाराच्या आत आहे का? असेल तर त्याचं ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापलं जात असणार. (ओव्हरटाइम धरून २१ च्या वर जातो म्हणून ईएसआय नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत.) सहा महिन्यांच्या काँट्रिब्युशन पिरियडमध्ये (वर्गणीच्या काळात) ७८ दिवस भरले असतील तर सिकनेस बेनिफिट, म्हणजे आजारपणातला भत्ता, मिळतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, सरासरी रोजाच्या ७० टक्के, पहिले दोन दिवस सोडून. सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे बेनिफिट चालू असताना मालक कामगाराला काढू शकत नाही, आत्ताच्या (२०२३) ईएसआय कायद्याचं कलम ७३. मी पाहिलेल्या दहातल्या नऊ सुपरवायझरांना हे माहीत नसतं, आणि एचआरला माहीत असलं तरी त्या आपणहून सांगत नाहीत.

ईएसआयच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया वगैरे सायकोसिस गटातले मानसिक आजारही आहेत, त्यांना ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत मिळू शकतं. पण ते वेगळं, बाळूला ते लागू होईल असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील.

ज्यांना ईएसआय नाही आणि ग्रुप मेडिक्लेम आहे त्यांच्यासाठी: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २१ मध्ये लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही द्यायचा. मात्र दारूच्या व्यसनाचा उपचार पॉलिसीत सहसा वगळलेला असतो. त्यामुळे डिप्रेशन असेल तर तसं निदान नीट कागदावर येणं, म्हणजे खरं निदान म्हणतोय मी, बनावट नाही, याला पैशाच्या दृष्टीनेही अर्थ आहे.

तुमच्याकडे सहाशे माणसं म्हणताय. पाचशे किंवा जास्त कामगार असतील तर आत्ताच्या (२०२३) फॅक्टरीज ॲक्टप्रमाणे वेल्फेअर ऑफिसर ठेवावाच लागतो. तो कुठे आहे? बहुतेक ठिकाणी तो कॅन्टीनचे कुपन मोजत असतो. त्याला शोधा.

---

वॉर्डातली_ताई | १४ ऑगस्ट, रात्री ९:१०

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, सरकारी हॉस्पिटलला. सगळ्यांचे सल्ले चांगले आहेत पण सगळे दारूवर आणि नोकरीवर बोलताय आणि मूळ पोस्टमधलं एक वाक्य कोणी वाचलेलंच दिसत नाही.

प्रेसशॉपवाले दादा, पीएफचा नॉमिनी तो आत्ताच का बदलतोय?

भाऊ गेला, गाडी ह्याची होती, म्हणजे अपराधीपणा डोक्यावर. दारू वाढली. आणि आता कागदपत्रं लावतोय. कदाचित काही नसेल, कदाचित भावाच्या क्लेमसाठी चकरा मारताना सुचलं असेल. पण विचारायला पाहिजे, आणि आडून आडून नाही, सरळ विचारा. 'बाळू, जीव द्यावासा वाटतो का तुला?' याच शब्दांत. लोकांना वाटतं विचारलं की डोक्यात नसलेलं घालू आपण. तसं होत नाही. उलट ज्याच्या डोक्यात असतं त्याला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं, हे मी वॉर्डात रोज बघते. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्या कोणाला तरी बोलवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. पुण्यात ससूनला, पिंपरीत वायसीएमला सायकियाट्री (मनोविकार विभाग) आहे, ओपीडीची वेळ नसेल तर कॅज्युअल्टी. मधे अडकलात तर टेलीमानसला फोन करा, १४४१६, केंद्र सरकारचं आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं, आणि तुम्ही स्वतः फोन करून 'माझ्या माणसाचं काय करू' असंही विचारू शकता, पेशंटनेच करायला पाहिजे असं नाही.

तुम्ही काउन्सेलर नाही आणि व्हायचंही नाहीये. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात मॅनेजरांना ट्रेनिंग द्या म्हटलंय, ते एवढ्यासाठीच, की ओळखता यावं, ऐकून घेता यावं आणि कामातला जो भाग आपल्या हातात आहे तो बदलता यावा. तुमच्या हातात काय आहे? शिफ्ट आहे. झोप बिघडलेल्या माणसाला नाईट बंद करा, प्रेसवरून तात्पुरतं उतरवा, पण शिक्षा म्हणून नाही, तसं त्याला स्पष्ट सांगून. हे आजच होऊ शकतं, त्याला कुठली पॉलिसी लागत नाही.

आणि ठेकेदार साहेब, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी साइटवर गेलात ते मान्य. त्यानंतर वर्षभर तुम्ही कसे होतात ते घरच्यांना एकदा विचारा. टोमणा नाही मारत, खरंच विचारा.

---

प्रेसशॉपवाला | १४ ऑगस्ट, रात्री ९:२६

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी सायबरवाल्याकडे जा म्हटलं त्याला. आज तो सेकंड शिफ्टला आहे, साडेअकराला सुटेल. निघतो.

---

तोक्योकर | १५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

काय झालं कळवा दादा, रात्रभर तेच डोक्यात होतं. थोडं अवांतर, मी जपानमध्ये आयटीत आहे. इथे २०१५ च्या डिसेंबरपासून पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून एकदा स्ट्रेस चेक करावाच लागतो, साधारण ५७ प्रश्न असतात, आणि त्याचा निकाल थेट कामगाराच्या हातात जातो, त्याच्या परवानगीशिवाय कंपनीला बघता येत नाही. कागदावर उत्तम. पण माझ्या टीममधले कित्येक जण प्रत्येक प्रश्नाला 'ठीक आहे'वर टिक करून मोकळे होतात, कारण कायद्याने गुप्त असलं तरी भीती जात नाही ना. मला वाटतं फॉर्मपेक्षा रात्री साडेअकराला गेटवर जाऊन उभा राहणारा सुपरवायझर जास्त कामाचा.

---

प्रेसशॉपवाला | २६ ऑगस्ट, रात्री १०:४०

उशिरा लिहितोय, माफ करा, फोन हातात घ्यायला वेळच नव्हता.

त्या रात्री गेटवर थांबलो. बाळूला म्हटलं चल चहा घेऊ, तो म्हणाला दादा एवढ्या रात्री? टपरी बंद होत होती, कटिंग घेतला आणि बाकड्यावर बसलो, मला सुरुवातच करता येईना, पाच-दहा मिनिटं आम्ही कॉइल संपत आली, डिस्पॅचचं काय असलंच बोलत होतो. शेवटी ताईंनी लिहिलेलं जसंच्या तसं विचारलं. तो काही बोललाच नाही. ग्लास खाली ठेवला आणि हमसून रडायला लागला, एवढा धिप्पाड माणूस, टपरीवाला आत निघून गेला बिचारा. मग म्हणाला, 'दादा, चावी मी दिली.' तेच परत परत. मग हळूहळू बाकीचं बोलला, ते इथे लिहीत नाही.

त्याच्या बायकोला फोन केला, तिचा भाऊ मोशीला असतो तो आला, आम्ही तिघं त्याला घेऊन कॅज्युअल्टीला गेलो. दहा दिवस ॲडमिट होता. पहिल्या तीन दिवसांत त्याला खूप त्रास झाला, कोरडा भाऊ तुम्ही सांगितलं होतं तसाच, डॉक्टर म्हणाले घरी बंद केली असती तर अवघड होतं. डिप्रेशनची गोळी चालू केलीय, तिला असर यायला काही आठवडे लागतात म्हणे. मुक्तांगणला चौकशी केलीय, आधी तब्येत स्थिर होऊ दे म्हणाले डॉक्टर. चाफाताई, वहिनींना पावडरचं विचारलं, पुडी आणून ठेवलेली होती, दिलेली नव्हती अजून. माझ्यासमोर मोरीत टाकली.

कंपनीचं सांगायचं तर वेल्फेअर ऑफिसर आहे हो आमच्याकडे! कॅन्टीनचंच बघतो, तंतोतंत. पण माणूस चांगला निघाला, ईएसआयची धावपळ त्याने केली. एचआरला मी फक्त एवढंच सांगितलं की आजारी आहे, ॲडमिट आहे, सर्टिफिकेट येईल. मॅडम म्हणाल्या नक्की काय झालंय ते मेलवर टाका. मी नाही टाकलं. मागच्या वर्षी टूलरूमच्या एका पोराचं असंच मेलवर टाकलेलं आणि संध्याकाळपर्यंत बसमध्ये सगळ्यांना माहीत होतं, अजून त्याला 'गोळी' म्हणून हाक मारतात. चार्जशीट सध्या थांबलीय. आणि मी लावलेल्या सी-ऑफचं प्लांट हेडला स्वतः जाऊन सांगितलं, मला ॲडव्हायजरी लेटर मिळालंय. मिळायला पाहिजे होतं.

आता अडचण अशी की लाईनवरची पोरं रोज विचारतात, बाळू कुठंय. ज्या पोरांनी त्या बुधवारी बघितलं त्यांना अंदाज आहेच. काय सांगू? काविळीचं सांगू का?

---

वॉर्डातली_ताई | २६ ऑगस्ट, रात्री ११:०५

दादा, तुम्ही त्या बाकड्यावर बसलात, अर्धं काम तिथेच झालं. पण काविळीचं नका सांगू. एक तर दारूवाल्याची कावीळ म्हटल्यावर पोरं त्याचा वेगळाच अर्थ लावतील, आणि तो आल्यावर त्याला ते खोटं निभावत बसावं लागेल. 'रजेवर आहे, तब्येत बरी नाही, येईल', एवढंच. जास्त खोदून विचारलं तर 'आला की त्यालाच विचारा'. काय सांगायचं ते तो ठरवेल, त्याला हवं असेल तर सांगेल. २०१७ च्या कायद्यात गोपनीयतेचा हक्क पेशंटचा आहे, तो तुमच्याकडे नुसता सांभाळायला दिलाय असं समजा.

तुम्ही झोपताय का?

---

प्रेसशॉपवाला | २६ ऑगस्ट, रात्री ११:१९

थोडी थोडी.

---

स्टँडिंग_ऑर्डर | २७ ऑगस्ट, सकाळी ९:३०

वा! एक काम आत्ताच करून ठेवा, नाहीतर ऐनवेळी घोळ होतो. तो परत येईल त्या दिवशी गेटवर फिटनेस सर्टिफिकेट मागतील. ईएसआयच्या डॉक्टरकडून ते आधीच घ्या, आणि त्यावर 'हलकं काम, नाईट शिफ्ट नको' असं लिहून मागा, डॉक्टरांना योग्य वाटलं तर देतात. म्हणजे पहिल्याच दिवशी कोणी त्याला परत शंभर टनी प्रेसवर उभा करणार नाही. डाय लावणं सुटेल थोडे दिवस, त्याचं त्याला वाईट वाटेल, तर तोवर नवीन पोरांना सेटिंग शिकवायला ठेवता येतं का बघा.

---

नऊ_वर्षं_कोरडा | २७ ऑगस्ट, दुपारी १२:१२

आणि ॲडमिट असलेल्यातून बाहेर आल्यावरचा पहिला पगाराचा दिवस. त्या संध्याकाळी त्याला एकटं घरी जाऊ देऊ नका. मला मेसेज करा, मी मोशीपर्यंत येऊ शकतो.